चाकाचं तोंड

दामूभाऊ पहिल्याच भेटीत मला आंधळा म्हणाले. लोणावळ्याच्या बाजारपेठेत, पार टोकाला, माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. दामूभाऊ गाडी पुसायचं पिवळं फडकं विकत घ्यायला आले होते आणि मी गल्ल्यावर बसून माझी जुनी गाडी विकण्यासाठी मोबाइलवर टाकलेला फोटो निरखत होतो. दीड महिना झाला होता, एक फोन आला नव्हता. या गृहस्थांनी न विचारता माझ्या खांद्यावरून डोकावलं.

"शेठ, गाडी इकताय का पोट?"

नीट पाहिलं तर गाडीच्या चकचकीत दारात माझं पोट दिसत होतं, बनियनच्या पट्टीसकट. शिवाय टपातून विजेचा खांब उगवला होता, एक काच वर होती आणि एक खाली. एवढं सगळं मला दीड महिन्यात दिसलं नव्हतं. ते म्हणाले, आंधळा माणूससुद्धा हातानं चाचपून याच्यापेक्षा बरा फोटो काढेल. मी चिडलो. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला येऊन माझ्या गाडीचे चार फोटो काढले आणि त्याच आठवड्यात तळेगावचं गिऱ्हाईक ती घेऊन गेलं. मग चिडणार तरी कशावर?

दामूभाऊ भाजे गावचे. पूर्वी लग्नांचे फोटो काढायचे. लोकांच्या हातात मोबाइल आले आणि लग्नाच्या मांडवात जेवढी माणसं तेवढे फोटोग्राफर झाले, तेव्हा भाऊ गाड्यांकडे वळले. त्यांचा हिशेब सरळ होता. नवरानवरीचा फोटो कुणीही काढला तरी नातेवाईक गोड मानून घेतात. गाडीचा फोटो मात्र कुणालाच धड जमत नाही, कारण गाडी हसत नाही. नवीन गाडीची पूजा, जुन्या गाडीची विक्री, मळवलीच्या बंगल्यांवर येणाऱ्या शनिवार-रविवारच्या मंडळींच्या गाड्या, यावर त्यांचं चालायचं. एकट्या माणसाचं असं कितीसं लागतं, असं तेच म्हणत.

अंगात कायम काळा शर्ट, एप्रिल-मे महिन्यातसुद्धा. मी विचारलं तर म्हणाले, पांढरा घातला की मी गाडीच्या अंगात दिसतो, आणि फोटो गाडीचा आहे, माझा नाही. खांद्याला एक गोणपाट. गाडीपुढं आले की ते अंथरायचे आणि त्यावर गुडघे टेकायचे. उभ्यानं फोटो काढणाऱ्या माणसाचा त्यांना संताप येई. उभ्यानं बघितलं की गाडी वरून थापटून बसवल्यासारखी दिसते, तिच्या दिव्यांच्या उंचीवर या, तिच्या डोळ्यांत बघा, असं ते ओरडून सांगत. फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं; दहा पावलं मागं जा आणि मग भिंगातून जवळ घ्या. दुपारचं ऊन म्हणजे गाडीचं वाटोळं. आमच्याकडं जुलैत दिवसचे दिवस धुकं बसतं आणि सगळे वैतागतात, भाऊ मात्र खूश असायचे. सगळीकडून सारखा उजेड, कुठं चकाकी नाही, मागं काही दिसत नाही. मी त्यांना म्हणायचो, भाऊ, तुमचं लग्न धुक्याशीच लावून देऊ. ते म्हणायचे, लावा, पण फोटो मीच काढणार.

रविवारी सकाळी माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत ते फुकट शिकवत. चार-सहा टॅक्सीवाले, एक बँकेतला कारकून, मळवलीच्या एका बंगल्याचा राखणदार, असली मंडळी मोबाइल घेऊन गुडघ्यांवर बसलेली असायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, इथं गाडीची प्रार्थना चाललीय. मी चहा पाठवत असे आणि खिडकीतून टोमणे मारत असे.

कामशेतचा एक टॅक्सीवाला जीप विकायला आला होता. मागच्या दाराला हा एवढा पोचा. तो म्हणाला, त्या बाजूचा फोटोच काढू नका. भाऊंनी मुद्दाम त्या पोच्याचा वेगळा फोटो काढला, चांगला तिरक्या उजेडात, खोली दिसेल असा. टॅक्सीवाला रडकुंडीला आला. भाऊ म्हणाले, "जे लपवशील ते गिऱ्हाईक हातानं शोधंल, आन् मंग तुजं कायच खरं मानणार न्हाई." जीप विकली गेली. पुढं मला या वाक्याचा फार त्रास झाला, म्हणून ते जसंच्या तसं लक्षात आहे.

एकदा पुण्याचा कुणी तरुण लाख लाख रुपयांच्या चाकांची गाडी घेऊन आला आणि बॉनेटवर चढून बसला, असाच फोटो काढा म्हणाला. भाऊंनी गोणपाट गुंडाळलं. त्यानं दुप्पट पैसे देऊ केले. भाऊ शांतपणे म्हणाले, तुमचा काढतो, पण मग गाडी बाजूला घ्या, दोघांतल्या एकालाच दिसायचंय. तो शिव्या देत गेला आणि भाऊ दिवसभर गाणी गुणगुणत होते.

त्यांचा सगळ्यात आवडता नियम चाकाचा होता. चाक सरळ ठेवून काढलेला फोटो त्यांना मुका वाटे. आपण गाडीच्या पुढच्या कोपऱ्यात बसलो असलो तर स्टिअरिंग आपल्यापासून लांबच्या बाजूला पुरतं फिरवायचं. नवशिके हटकून उलट करत आणि मग फोटोत टायरचा काळा रबर तेवढा यायचा. लांब फिरवलं की चाकाची आतली चकाकती तबकडी आपल्याकडं वळते. भाऊ त्याला चाकाचं तोंड म्हणत. चाकानं तोंड दाखवलं की गाडी चालायला निघाल्यासारखी वाटते, असं म्हणून ते हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवायचे. हा नियम त्यांनी इतक्या जणांना शिकवला की आमच्या भागात विकायला निघालेल्या गाड्यांची चाकं तिरकी दिसली की मी ओळखायचो, हा आपल्या रविवारच्या वर्गातला.

संपतला त्यांच्याकडं मीच पाठवलं. टाकवे बुद्रुकचा पोरगा, कंपनीत कायम झाला होता. घरात आई-वडील आणि हा, तिघंच. घरातली पहिली गाडी. सीट कव्हर निवडायला आईला घेऊन आला होता. त्या पारूमावशींनी माझ्या दुकानातली झाडून सगळी कव्हरं हातानं दाबून पाहिली आणि शेवटी पहिलंच घेतलं. जाताना संपतनं विचारलं, पूजेचा चांगला फोटो कोण काढेल? मी भाऊंचा नंबर दिला. त्याला गाडीचा परवाना मिळून तीन आठवडे झाले होते.

पुढं काय झालं ते त्या वेळी मला फक्त वरवर कळलं. नीट कळलं चार महिन्यांनी, भाऊंच्या तोंडून. इथं सरळ सांगतो.

गाडी घराच्या अंगणात उभी होती, तिच्या डाव्या हाताला घराचा दगडी ओटा. गुरुजींनी पूजा सांगितली, गाडीला हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. भाऊ गाडीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात गोणपाट टाकून बसले. संपतला त्यांनी गाडी चालू करून स्टिअरिंग डावीकडं पुरतं फिरवायला लावलं, मग बंद करून खाली बोलावलं. पारूमावशींना आरतीचं ताट घेऊन पलीकडं उभं केलं, बॉनेटच्या वर त्यांचा चेहरा दिसेल अशा बेतानं. ओट्याला जवळजवळ टेकूनच. आबा, म्हणजे संपतचे वडील, आणि संपत अलीकडं. फोटो फार सुंदर आला. मी तो पाहिला आहे.

मग गुरुजी म्हणाले, घ्या आता लिंबावरून. आपल्याकडं नवीन गाडी पहिल्यांदा हलते ती लिंबं चिरडत, आणि मालकानं स्वतः हलवायची असते. सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात वर केले. संपत आत बसला. चाकं वळलेली आहेत हे त्याच्या ध्यानात नाही. भाऊ कॅमेरा पिशवीत ठेवत होते. गाडीनं झटका घेतला आणि ती सरळ न जाता डावीकडं गेली. घाबरलेल्या पोरानं ब्रेक समजून दुसरंच दाबलं. पारूमावशी ताट घेऊन तिथंच उभ्या होत्या, जिथं भाऊंनी त्यांना उभं केलं होतं.

दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

गुन्हा संपतवर दाखल झाला. पोलिसांनी भाऊंनाही विचारलं. ते म्हणाले, मी सामान आवरत होतो, मला काही दिसलं नाही. संपतनं सांगितलं, माझी चूक झाली. गावानं आणि भावकीनं तेच धरलं: हाकता येत नाही तर बसायचं कशाला, आईला खाल्लं. चाकाचा विषय कुणी काढलाच नाही, कारण फोटोसाठी फिरवलेलं चाक तसंच राहिलं होतं हे लोकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरच्यांना मावशींचा फोटो हवा होता आणि दुसरा धड फोटो नव्हता. भाऊंनी त्याच फोटोतून फक्त चेहरा कापून मोठा करून दिला. गाडी कापली, चाक कापलं.

दहाव्याला ते नदीवर गेले होते. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चांगले सहा-सात बसले होते, एकही खाली येईना. लोकांनी एकेक करून वचनं दिली. बहिणीनं दिलं, पुतण्यानं दिलं. संपत हात जोडून म्हणाला, आई, आबांना मी सांभाळीन. तरी नाही. मग भावकीतले एक म्हातारे सगळ्यांकडं वळून म्हणाले, "कुनाच्या मनात काय आसंल तर बोला बाबांनो. बाई अडून बसलीय."

भाऊ मागं उभे होते. मला सांगताना ते म्हणाले, तोंड उघडलं होतं मी, आवाजच फुटला न्हाई. दोन तास वाट पाहून शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी गेले.

त्यानंतर त्यांनी गाडीचा फोटो काढला नाही. रविवारी टॅक्सीवाले येत, भाऊ आज उजेड बरोबर नाही म्हणून परत पाठवत. मी थट्टा केली, भाऊ, चार महिने उजेडच नाही होय? तेव्हा त्यांनी दुकानात बसून कॅमेऱ्यावर तो अख्खा फोटो दाखवला आणि हे सगळं सांगितलं. बोट चाकावर ठेवून ते म्हणाले, "बगा, कसं तोंड दावतंय."

आणि मी काय केलं? मी व्यवहारी माणूस. मी म्हणालो, भाऊ, आता कुणाला सांगून काय मिळणार? मावशी परत येणार आहेत का? पोलिसांचं लचांड मात्र मागं लागेल. गप्प राहा. त्यांना तेच ऐकायचं होतं, आणि मला ते माहीत होतं. मी माणसाला बरं वाटावं म्हणून बोललो आणि त्या बोलण्यानं अजून सहा-सात महिने वाया गेले. एवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

मग एके दिवशी संपत दुकानात आला, मोटरसायकलच्या सीटला कव्हर टाकायला. गाडी त्यानं मिळेल त्या किमतीला देऊन टाकली होती. निम्मा झाला होता. मी आबांची चौकशी केली. म्हणाला, बरे आहेत. जरा वेळानं आपणहून बोलला, "माज्याशी बोलत न्हाईत. ताट माज्या हातचं घेत न्हाईत. सोताची भाकर सोता थापत्यात." एका घरात दोनच माणसं, आणि वर्ष होत आलं तरी स्वयंपाक वेगळा. मी संध्याकाळी भाऊंना हे सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, वर्षश्राद्ध कधी आहे?

आम्ही दोघं माझ्या गाडीतून गेलो. कान्हे फाट्यावरून आत वळलो तसं मी म्हणालो, अजून परत फिरता येईल. त्यांनी हातानंच पुढं चला असं दाखवलं. त्या दिवसानंतर मी भाऊंना पाहिलं नाही. दोनेक महिन्यांत ते भाज्याला झोपेतच गेले, आणि मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. म्हणून त्यांची आठवण म्हटलं की मला दुकान आठवत नाही, धुकं आठवत नाही, ते अंगण तेवढं आठवतं.

विधी झाले होते. अंगणात पंगत बसली. ओट्यावर मावशींचा तो कापलेला फोटो हार घालून ठेवला होता. आबा पंगतीच्या तोंडाला, आम्ही समोरच्या रांगेत. भावकी बरीच जमली होती. पानं वाढून झाली, कुणी घास उचलायच्या आत भाऊ उभे राहिले.

"मला एक बोलायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी गाडीचं चाक मी वळवाया लावलं हुतं. फोटोसाटी. मावशीला तितं उभं मीच केलं. पोरानं गाडी सरळच हाकली, आबा. चाक वाकडं हुतं. हे मी पोलिसाला बोललो न्हाई, दहाव्यालाबी बोललो न्हाई."

  मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, शिवी घालेल, अंगावर येईल. खरं सांगतो, मला तसं व्हावंसं वाटत होतं. आबा आपल्या पानाकडं पाहत होते.

"बसा, भाऊ," ते म्हणाले. "पान वाडलंय."

"आबा, लेकराची चूक न्हाई ओ."

"चूक कुनाची ते घिऊन मी आता काय करू? ती तर गेली. बसा. लोकं उपाशी हाईत."

त्यांनी पहिला घास घेतला आणि पंगत जेवायला लागली. हळूहळू बोलणं सुरू झालं, कुणीतरी आमटी मागितली. आबांनी मान वर करून लेकाकडं पाहिलं नाही. मी पूर्ण वेळ पाहत होतो. एकदाही पाहिलं नाही. भाऊ मात्र उभेच होते. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

संपत भाताची बादली घेऊन आमच्या रांगेत आला. भाऊंच्या पुढं तो वाकला आणि खालच्या आवाजात, मला आणि त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मला ठावं हुतं भाऊ. दवाखान्यातच ध्यानात आलतं. दहाव्याला कावळा शिवंना, तवा मी तुमच्याकडं वळून बगितलं. म्हनलं, आता बोलतील."

"तू का न्हाई बोललास रं?" भाऊंनी विचारलं.

"तुमी बोलला आसता तर लोकांनी खरं धरलं आसतं. मी बोललो आसतो तर म्हनले आसते, आईला मारून दुसऱ्यावर ढकलतोय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यानं भाऊंच्या पानावर भात वाढला आणि पुढं गेला.

भाऊ जेवायला लागले. मान खाली घालून, घासामागून घास, सगळा भात त्यांनी संपवला. संपत रांग संपवून परत आला आणि काही न विचारता त्यानं आणखी वाढला. पंगतीत नको म्हणायला माणूस पानावर हात आडवा धरतो. भाऊंचा हात उठला नाही. संपत वाढत राहिला आणि भाऊ खात राहिले, आजूबाजूची पानं उचलली गेली तरी.